जुना व्हॉल्व्ह अँप घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

आमच्या या सीमाभागात गाण्याचे शौकीन गल्लोगल्ली आहेत. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अँप हाताळलेले मात्र मोजकेच. त्यामुळे कुणाच्या तरी माळ्यावरून जुना अँप निघाला की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: व्हॉल्व्ह नवे मिळतात, मूळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) मिळत नाही. बाकी सगळा याच वाक्याचा विस्तार आहे.

व्हॉल्व्हचाच कशाला? छोटा डिजिटल अँप चांगला वाजत नाही का?

वाजतो की. मोजमापं काढली तर तोच जास्त स्वच्छ ठरेल. व्हॉल्व्ह अँपमध्ये विकृती जास्त असते, पण ती बरीचशी दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची असते. ती कानाला खुपत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. गळा, हार्मोनियम, सारंगी, व्हायोलिन असं ऐकणाऱ्याला हे आवडतं. बेस मात्र जरा सैल येतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्यासारखा छातीत धडधडणारा बेस हवा असेल, तर पैसे वाचवा आणि दुसरं काही घ्या.

किती वॅटचा बघू? दहा वॅटमध्ये काय होणार?

दहा वॅटमध्ये घर भरतं, स्पीकर योग्य असेल तर. स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, अमुक इतके डेसिबल. ९० डेसिबलचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावरून ९० डेसिबल आवाज देतो, १० वॅटवर १००. घरात एवढा आवाज कुणी फार वेळ ऐकत नाही, शेजारीही ऐकू देत नाहीत. हल्लीचे छोटे बुकशेल्फ स्पीकर ८४-८५ डेसिबलचे असतात. त्यांना तेवढ्याच आवाजाला तिप्पटीहून जास्त वॅट लागतात, आणि तिथे १० वॅटचा अँप धापा टाकतो.

म्हणून आधी स्पीकर ठरवा, मग अँप. ८९-९० डेसिबल किंवा वरचे, आठ ओमचे स्पीकर असतील तर ईएल ८४ या व्हॉल्व्हची जोडी असलेला १० ते १५ वॅटचा अँप दहा बाय बारापासून मोठ्या सोप्यापर्यंत पुरतो. ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड (दर चॅनेलला एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेला) अँप साधारण ८ वॅट देतो. त्याला आणखी संवेदनशील स्पीकर लागतात आणि व्हॉल्व्हही महाग. पहिला अँप म्हणून मी तो कुणाला सुचवत नाही, फोटोत कितीही देखणा दिसला तरी.

कोणत्या व्हॉल्व्हचा अँप शोधावा?

पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणारे मोठे) ईएल ८४ किंवा ईएल ३४, आणि पुढचे छोटे ईसीसी ८१, ८२, ८३ यांपैकी. हे सगळे आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या कारखान्यांत बनतात, गिटारवाले ते सतत विकत घेतात, त्यामुळे पुरवठा आटत नाही. केटी ८८ आणि ६एल६ सुद्धा चालतील. अमेरिकन अँपवर १२एएक्स७ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, तोच ईसीसी ८३. तसाच १२एयू७ म्हणजे ईसीसी ८२.

जुन्या नामांकितांपैकी आपल्याकडे कधीमधी कानावर येतात ते लीक स्टीरिओ २० (ईएल ८४), क्वाड २ (केटी ६६, १५ वॅट, मोनो म्हणून जोडीच लागते) आणि १९५९ साली आलेला डायनाको एसटी ७० (ईएल ३४, दर चॅनेलला ३५ वॅट). डायनाको किट म्हणून विकला जायचा, लोक घरी जोडायचे. त्यामुळे एकाचं सोल्डरिंग दागिन्यासारखं, तर दुसऱ्याचं बघवत नाही. नावावर जाऊ नका, खालची प्लेट उघडून बघा.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी भरपूर व्हॉल्व्ह बनवले. ‘बेल’ छापाचे ईसीसी ८३ किंवा ईएल ८४ जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात अजून सापडतात. मिळाले आणि टेस्टरवर चांगले निघाले, तर अवश्य घ्या.

साउंड सर्व्हिसवाल्याकडे अहुजाचा जुना व्हॉल्व्ह अँप पडून आहे. स्वस्तात देतोय. घेऊ?

हाय-फाय म्हणून नको. तो लग्नात, जत्रेत, प्रचारसभेत कर्ण्यावरून बोललेलं लांबपर्यंत पोचवायला बनवलेला आहे आणि ते काम त्याने वर्षानुवर्षं चोख केलं. पण त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लांब वायरवर अनेक कर्णे चालवायच्या लाइनसाठी गुंडाळलेला असतो. मोठ्या वॅटला खर्ज पेलण्याइतकं लोखंड त्यात घातलेलं नसतं, कारण कर्ण्यातून खर्ज तसाही बाहेर पडत नाही. शिवाय मोनो.

दुसऱ्या हेतूने घ्यायला हरकत नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मर शाबूत असला तर कुणीतरी त्यावर नवा अँप बांधू शकतो. व्हॉल्व्हही कामाला येतील. भंगारापेक्षा थोडी जास्त रक्कम द्या, त्यापुढे नको.

गोव्याहून जर्मन रेडिओग्राम मिळतोय. त्यातला अँप काढून वापरता येईल?

रेडिओग्राम म्हणजे एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, ग्रुंडिग, टेलिफुंकन वगैरे. लाकूड सुंदर, आवाज गोड, वॅट चार-पाच. आहे तसा, त्याच्याच स्पीकरसकट वापरणार असाल तर मजा आहे. चॅसी उचकटून हाय-फाय करायला गेलात तर ना रेडिओग्राम राहतो, ना अँप होतो.

घेण्याआधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईएल ८४, ईसीएल ८२, ईसीएल ८६ असेल तर ठीक. त्या काळच्या बऱ्याच जर्मन स्टीरिओ संचांत ईएलएल ८० असतो. तो एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असलेला प्रकार आता दुर्मिळ आणि महाग झालाय. तो गेला की संच गप्प.

आणि नावं ‘यू’ ने सुरू होत असतील, यूएल ८४, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी, तर हात मागे घ्या. अशा संचांत बहुतेकदा मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चॅसी थेट लाइनशी जोडलेली असते. प्लग उलटा बसला की धातूच्या चॅसीवर २३० व्होल्ट. त्याला आपला फोन किंवा सीडी प्लेअर जोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

विकणाऱ्याच्या घरी गेल्यावर काय काय बघायचं?

आधी उचलून बघा. ईएल ३४ चा स्टीरिओ अँप पंधरा-वीस किलोच्या घरात असतो, कारण आत तीन मोठे ट्रान्सफॉर्मर असतात: एक मेन्स, दोन आउटपुट. हलका लागला तर लोखंड कमी, म्हणजे खर्जही कमी.

मग ट्रान्सफॉर्मरचा वास घ्या. खरंच नाक जवळ न्या. जळकट वास, खाली ओघळून थिजलेलं मेण किंवा डांबर, फुगलेला कागद, यातलं काही असेल तर तो कधीतरी भाजला आहे. दोन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मर दिसायला सारखे आहेत का बघा. एक जुना आणि एक नवाकोरा असेल तर का बदलला, ते विचारा.

व्हॉल्व्हच्या काचेवर आतून आरशासारखा चंदेरी थर असतो, त्याला गेटर म्हणतात. तो पांढरा, दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. थर थोडा तपकिरी किंवा आक्रसलेला असेल तर वापर बराच झालाय. पण व्हॉल्व्ह गेले म्हणून अँप नाकारू नका, भाव पाडा.

खालची प्लेट उघडायला लावा, अर्थात वायर काढून आणि जाणकार सोबत असेल तरच. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. मेकॅनिकने रेझिस्टरमधून ते उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरातला एक अँप असाच उघडून घेतला होता. वरून पॉलिश, चकचकीत. आत सॉकेटच्या दोन पिनांवर आडवी वाळलेली पाल, उंदरांनी कुरतडलेल्या कापडी वायरी आणि एका कोपऱ्यात मुंग्यांचं वारूळ. गंमत म्हणजे दोन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होते. साफसफाई आणि कपॅसिटर झाल्यावर तो अँप आज मजेत वाजतोय.

ट्रान्सफॉर्मर तपासायला मल्टिमीटर पुरतो. पुश-पुल अँपमध्ये (दर चॅनेलला पॉवर व्हॉल्व्हची जोडी असते तो) मधल्या एचटी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या टोकापासून दोन्ही पॉवर व्हॉल्व्हच्या ॲनोडपर्यंतचा रेझिस्टन्स मोजायला सांगा. ईएल ३४ ला ॲनोड पिन ३, ईएल ८४ ला पिन ७. अँपनुसार पन्नासपासून तीनशे ओमपर्यंत काहीही येईल. दोन बाजूंत थोडा फरक चालतो. एक बाजू उघडी दाखवली, म्हणजे मीटर हललंच नाही, तर वायंडिंग तुटलं आहे. तिथून नमस्कार करून निघायचं.

वाजवून बघताना काय ऐकायचं?

पहिल्यांदा काहीच लावू नका. स्पीकर जोडलेले, आवाज शून्यावर, आणि कान स्पीकरजवळ. अगदी जवळून बारीक घूं ऐकू आली तर चालेल, खुर्चीवर बसून ऐकू येत असेल तर नाही. जाडसर, खर्जातली घूं बहुतेकदा हीटरच्या वायरिंगची किंवा अर्थिंगची असते. जरा करकरीत, वरच्या पट्टीतली असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत.

मग दिवे बंद करून पाच-दहा मिनिटं पॉवर व्हॉल्व्हकडे बघा. हीटरचा नारिंगी उजेड बरोबर आहे. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी घाबरू नका. पण राखाडी धातूची पत्रीच लाल व्हायला लागली तर ताबडतोब बंद. बहुतेकदा मागचा कपलिंग कपॅसिटर (दोन टप्पे जोडणारा) गळत असतो किंवा बायस (पुढे सांगितलंय) गेलेला असतो. अशा वेळी विकणारा म्हणेल, व्हॉल्व्ह आहे, तापणारच. तापणार हे खरं, पण पत्री लाल होता कामा नये.

एका बाजूने खरखर किंवा कमी आवाज येत असेल तर बंद करून, थंड होऊ देऊन, दोन्ही चॅनेलचे छोटे व्हॉल्व्ह अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्ह खराब, हा स्वस्तातला सौदा. तिथेच राहिला तर दोष सर्किटमध्ये. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टणटण आली तर तो मायक्रोफोनिक झालाय.

शेवटी गाणं. स्वतःच्या कानात बसलेलं रेकॉर्डिंगच न्या. मी विलंबित ख्याल नेतो. सुरुवातीला नुसता तंबोरा असतो तेव्हा अँपची घूं लपत नाही, आणि तबल्याच्या बायाची मींड आली की ट्रान्सफॉर्मरची लायकी कळते. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, त्यामुळे निवड सोपी. डग्ग्याचा आवाज नुसता ‘धप’ आला आणि त्यातला स्वर हरवला, तर लोखंड अपुरं आहे.

एक सक्त ताकीद. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप कधीही वाजवू नका, विकणाऱ्यालाही वाजवू देऊ नका. भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतकं व्होल्टेज उसळतं की आतलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टर अँपची सवय असलेले लोक नेमके इथेच फसतात.

पंधरा-वीस वर्षं बंद असलेला अँप आणला. प्लग लावू?

नको रे बाबा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतकी वर्षं पडून राहिले की आतला थर विरतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते फुटू शकतात आणि जाताना मेन्स ट्रान्सफॉर्मर सोबत नेतात. पावसाळ्यात आणला असेल तर आधी दोन दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा. मग कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड घ्या, त्यात १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. व्हॉल्व्ह काढून ठेवून अँप त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

खरं सांगायचं तर एवढ्या जुन्या अँपचे फिल्टर कपॅसिटर आणि मेणकागदाचे कपलिंग कपॅसिटर बदलूनच टाकावेत. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची लावावी. आणि त्या अर्थिंगला घरात खरंच अर्थिंग आहे का, तेही बघावं. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

आमच्या गावात व्होल्टेज वर-खाली होतं. चालेल का?

पंप सुरू झाले की खाली आणि बंद झाले की वर, हे शेताजवळ राहणाऱ्यांना नवीन नाही. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. त्याहून वर गेलं की आयुष्य झपाट्याने घटतं. सर्व्हो स्टॅबिलायझर असेल तर उत्तम. साधा रिलेवाला टकटक करत राहतो, गाण्यात ते ऐकू येतं. वाजवताना मीटर नजरेसमोर ठेवा आणि २४५ च्या वर गेलं की बंद करा. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर लावू नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. वळवाचा पाऊस आला की प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच नाही.

बाहेरून आलेला अँप असेल तर मागची पट्टी वाचा. अमेरिकेचा ११७ व्होल्टचा, जपानचा १००. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही अँपच्या वॅटपेक्षा बराच मोठा. अमेरिकेत ६० हर्ट्झ असतं, आपल्याकडे ५०. फक्त ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. तासभर वाजवून त्यावर हात ठेवा. हात ठेवून राहता आलं नाही तर सौदा सोडा.

ऑनलाइन छोटे अँप दिसतात, ब्लूटूथ आणि पुढे दोन चमकणारे व्हॉल्व्ह. ते व्हॉल्व्ह अँप आहेत का?

नाहीत. आवाज चिप काढते, व्हॉल्व्ह फार तर पुढच्या टप्प्यात असतो, आणि काहींत तर खाली नारिंगी एलईडी लावून ‘ऊब’ आणलेली असते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, वजन किलोभर. वाईट आहेत असं नाही, पण त्या नावाखाली पैसे देऊ नका.

बायस म्हणजे काय, आणि मला तो करता येईल का?

पॉवर व्हॉल्व्हमधून गाणं नसतानाही ठरावीक करंट वाहत असतो, तो ठरवणं म्हणजे बायस. सेल्फ बायस असेल तर अँप स्वतःच सांभाळतो, नवशिक्याला तोच बरा. फिक्स्ड बायस असेल तर व्हॉल्व्ह बदलल्यावर स्क्रूने लावावा लागतो. कॅथोडला १० ओमचा रेझिस्टर असेल आणि त्यावर ०.४ व्होल्ट दिसले तर करंट ४० मिलीअँपिअर. एचटी ४०० व्होल्ट असेल तर हे १६ वॅट झाले, आणि ईएल ३४ ची मर्यादा २५ वॅट, म्हणजे निवांत आहे. काही अँपना हे मोजायला वरूनच भोकं दिलेली असतात. नसतील तर मेकॅनिककडेच न्या.

दुरुस्त कोण करणार?

अँपपेक्षा हा प्रश्न आधी विचारायला हवा. खडे बाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत, शहापुरात, व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले काका अजून सापडतात. बोर्ड बऱ्याचदा मोबाईल रिपेअरिंगचा असतो. आत जाऊन विचारा. वय झालेलं असतं, डोळ्यांची कुरकुर असते, पण ईसीसी ८३ म्हटलं की चेहरा खुलतो. सोबत एखादा तरुण इलेक्ट्रॉनिक्सवाला न्या, म्हणजे विद्या पुढे जाईल आणि सोल्डरिंगही नीट होईल.

उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंगवाले भरपूर आहेत, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर तिथे भरून घेता येईल का, असं हमखास विचारतात. मेन्स ट्रान्सफॉर्मर भरून मिळेल, चांगला कारागीर असेल तर व्यवस्थित मिळेल. आउटपुटचं वायंडिंग वेगळं. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत गुंफलेले असतात आणि त्या क्रमावरच वरचे स्वर टिकतात. वेटोळी मोजून तसंच भरलं तरी आवाज तसा येत नाही.

पुण्या-मुंबईहून कसा आणू?

जमलं तर स्वतःच्या गाडीतून, मागच्या सीटवर. पार्सलने आणायचाच असेल तर व्हॉल्व्ह काढून, कुठला कुठल्या सॉकेटमधला हे लिहून, वेगळ्या डब्यात. अँपला फोम आणि बाहेर लाकडी पेटी. थर्माकोलचे तुकडे वीस किलो लोखंडाखाली भुगा होतात. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून एकाने मागवला होता, ट्रान्सफॉर्मरने चॅसी वाकवली आणि भरपाईची गोष्टच नाही.

वीज किती खाणार?

चार ईएल ३४ चा अँप दोनशे वॅटच्या आसपास. रोज दोन तास म्हटलं तर महिन्याला बारा युनिट. पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तास जातात, म्हणजे एवढ्या वापरात तीन-चार वर्षं तरी बघायला नको.

‘मॅच्ड’ आणि ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणून जास्त पैसे मागतात. द्यावेत का?

पॉवर व्हॉल्व्हची जोडी मॅच्ड, म्हणजे मोजमापं जुळणारी असावी, त्याचे द्या. ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणजे जुन्या काळी बनलेला, पण न वापरलेला माल. जुन्या मुलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या नावाखाली पुन्हा छापलेले व्हॉल्व्ह फार फिरतात. टेस्टरवर मोजून दाखवत नसेल तर साधे नवे घ्या.

किंमत कशी ठरवायची?

मागितलेल्या रकमेत तीन गोष्टी मिळवा: पॉवर व्हॉल्व्हचा नवा संच, कपॅसिटर बदलण्याचा खर्च मजुरीसह, आणि आणण्याचं भाडं. ती बेरीज बघून मग बोला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मूळचे आणि दोन्ही चांगले असतील तर फार ताणू नका, तेवढी किंमत आहे. एकजरी गेला असेल तर सुट्या भागांचाच भाव. आणि ‘परवापर्यंत वाजत होता, आता वायर नाही’ असं ऐकायला मिळालं, तर वायर, स्पीकर आणि सिरीज बोर्ड आपल्याच गाडीत असावेत.